धुळाप्पाचं मावंदं

सांगोल्याजवळच्या एका धनगरवाडीतला धुळाप्पा काशीला जाऊन आला आणि त्याची मान जी ताठ झाली, ती खाली यायला तयारच होईना. वाडीतल्या कुणी आजवर काशी पाहिली नव्हती. त्यामुळे धुळाप्पा सांगेल ती काशी, आणि धुळाप्पा सांगायचं थांबत नव्हता. आपली माण नदी गंगेपुढं मेंढरांच्या पायवाटेएवढी, हे त्यानं इतक्यांदा सांगितलं की लोक माणेच्या वाळूतून जाताना उगीच ओशाळू लागले.

खरं म्हणजे काशीची हौस त्याची नव्हतीच. ती त्याच्या बायकोची, मायाक्काची. माहेराहून आलेल्या एका शेळीपासून तिनं पोटाला चिमटा काढून शेरडांचा कळप वाढवला होता, मरायच्या आधी एकदा गंगेवर जायचं म्हणून. कळप बाजारात विकला गेला, आणि निघायच्या दिवशी धुळाप्पाला साक्षात्कार झाला की दोघंही गेलो तर मेंढरांकडं बघायचं कुणी? शिवाय नवऱ्याच्या पुण्यातलं अर्धं बायकोला घरबसल्या मिळतंच. तुझ्या नावानं बुडी मारतो, असं सांगून तो एकटाच आगगाडीत बसला. मायाक्का काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे तिला पटलं, असा धुळाप्पाचा लग्नापासूनचा समज होता.

परत आल्यावर देवळापुढं बसून त्यानं बुड्यांची कथा लावली. पौषातली थंडी, पाणी नुसतं चावतंय. तरी पहिली बुडी स्वतःच्या नावानं, मग वडलांच्या, मग पाटलांच्या, कारण निघताना पाटलांनी स्वतःच्या हातानं फेटा बांधला होता. मग आजारी पडलेल्या मेंढ्याच्या नावानंसुद्धा एक मारली. मायाक्काच्या बुडीचं काय झालं, असं कुणीतरी विचारलं.

"तवर माजं दात वाजाया लागलं व्हतं," धुळाप्पा म्हणाला. "तिच्या नावानं चूळ भरली. गंगेची चूळ म्हंजे काय कमी हाय व्हय?"

माणसं पोट धरून हसली. मायाक्काची चुलत जाऊ गोजाबाई तिथूनच घागर घेऊन चालली होती. चूळ मायाक्काच्या कानावर जायला कितीसा वेळ लागणार?

पुढच्या सोमवारी मावंदं होतं. काशीहून आणलेला, तोंड कथलाचा डाख लावून बंद केलेला गंगेचा गडू पुजून उघडायचा आणि गावाला जेवण घालायचं. हे झाल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, आणि धुळाप्पाच्या दृष्टीनं खरी काशी इथंच होती. माळशिरसचे पाहुणे आले, पाटील घोंगड्यावर येऊन टेकले, ढोल वाजला. मायाक्कानं पहाटेपासून गव्हाची खीर रटरटत ठेवली होती. तिनं स्वयंपाक पुरा केला, हात धुतले, आणि ती मेंढरांच्या वाडग्यात जाऊन बसली.

सांगोल्याच्या भटजींनी दोन पाट मांडले आणि सांगितलं, पत्नीला बोलवा, गाठ बांधायची आहे. धुळाप्पानं हाक मारली, मग निरोप धाडला, शेवटी नवं धोतर सावरत स्वतः वाडग्याशी गेला. पाटील बघताहेत, पाहुणे बघताहेत, आज तरी अब्रू राख, असं त्यानं दबक्या आवाजात विनवलं.

"गंगंत माज्या नावानं तुमी चूळ भरली," मायाक्का म्हणाली. "आता पाटावर बी माज्या नावानं तुमीच बसा."

"अगं, पुण्य तुजंबी हाय की त्यात."

"मला पुण्य नको व्हतं. मला गंगा बघायची व्हती. माजी शेरडं इकून गेलासा तुमी."

धुळाप्पाला वाईट वाटल्यासारखं झालं, पण तितक्यात मांडवातून कुणीतरी खाकरलं आणि त्याला पुन्हा पाटलांचीच काळजी लागली. तो तसाच माघारी फिरला.

भटजी सकाळपासून उपाशी होते आणि खिरीचा वास मांडवभर सुटला होता. त्यांनी तोड काढली. पत्नी हजर नसली तर तिच्या जागी सुपारी चालते. दुसऱ्या पाटावर सुपारी ठेवली, तिला हळदकुंकू लावलं, धुळाप्पाच्या उपरण्याचं टोक तिच्याशेजारी सोडलं. ताठ मानेचा तो काशीचा यात्रेकरू सुपारीशेजारी जोडीनं बसला. बायकांनी पदर तोंडात कोंबले. पाटलांना एकाएकी मांडवाचं छत बघावंसं वाटलं.

पूजा उरकली तशी पाटावरचे तांदूळ, नारळ आणि सुपारी भटजींनी रीतीप्रमाणे आपल्या उपरण्यात बांधली.

"धुळाप्पा," म्हातारा जोतीराम म्हणाला, "तुजी बायकू भटजीसंगं चालली की."

मग काही कुणाला हसू आवरलं नाही. भटजीसुद्धा हसले आणि गाठोडं आणखी आवळून जेवायला बसले.

गाव जेवून गेलं. पाहुण्यांना आग्रह करकरून वाढण्यात धुळाप्पाचं स्वतःचं जेवण राहूनच गेलं होतं. दिवस कलला तेव्हा तो चुलीपुढं येऊन बसला. मायाक्का जेवून हात पुशीत होती. आता झालं गेलं विसर, मला वाढ, असं तो जितक्या गोडीनं बोलता येईल तितक्या गोडीनं बोलला.

"पूजंला बसली तिला सांगा वाडाया," मायाक्का म्हणाली आणि घोंगडं खांद्यावर टाकून मेंढरांकडं गेली.

धुळाप्पानं स्वतःच उठून खिरीच्या पातेल्यात पाहिलं. त्यात भांडं भिजवायला ओतलेल्या पाण्याशिवाय काही नव्हतं.