अर्धी ठेवलेली धून

शेतसोबत मंडळात एक नियम होता, आणि तो कुणी घालून दिला नव्हता म्हणूनच सगळे मुकाट पाळायचे. कार्यक्रमातली शेवटची धून पुरी वाजवायची नाही. एक ओळ राखायची, वाद्यं खाली ठेवायची आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "राहिलेलं पुढच्या खेपेला." पुढच्या वर्षी त्या शेतावर पाय ठेवला की आधी ती ओळ वाजवायची, मग बाकीचं. सुरुवातीच्या काळात एका शेतावर हौसेनं सगळं पुरं वाजवलं होतं म्हणे, आणि वर्षाच्या आत ते शेत मोडलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली असेल. पण परत यायचं तर काहीतरी मागं ठेवावं, एवढं कुणालाही पटतं.

मंडळाचं काम साधं होतं. आसपासची लहान शेतं टिकली पाहिजेत. रविवारी एक शेत धरायचं, शहरातली माणसं बोलवायची आणि तिकीट म्हणून त्यांना तासभर कामाला जुंपायचं. कुणी तण उपटायचं, कुणी कुंपण ताणायचं, कुणी नुसताच फावडं धरून फोटो काढायचा. असे नग सगळीकडे असतात. मग शेतावरचा माल टेबलावर मांडून विकायचा आणि उन्हं उतरली की ट्रॉलीवर चढून गाणीबजावणी. ढोलाला वेल्डरकाका, व्हायोलिनला शाळेतल्या बाई आणि माउथ ऑर्गनला बाजा. त्याचं खरं नाव त्याच्या बहिणीशिवाय कुणाला आठवत नव्हतं. प्रत्येक शेताची वेगळी धून असायची, आणि ती बसवायचा बाजाच.

त्याची ही बहीण म्हणजे थोरली. आईबापामागं तिनंच त्याला वाढवलं. ती शेळ्या पाळायची, दुधाचं चीज करायची आणि भावाला उठल्याबसल्या बोलायची, कारण तो झाडू मारता मारता मध्येच थांबून वाजवत बसायचा. त्याची जागा गोठ्याच्या माळ्यावर, गवताच्या पेंढ्यांत. लहानपणी रुसला तरी तिथंच जाऊन बसायचा. मग थोरली शिडीखाली उभी राहायची आणि शेळ्यांना माळावरून घरी बोलवायची हाळी त्याला घालायची, "या गं या, अंधार पडला, घरी या." तिच्या त्या लांबवलेल्या सुरावर शेळ्या यायच्या आणि हाही खाली उतरायचा. बाकी कशाला बधायचा नाही.

मागच्या वर्षी मंडळाचा कार्यक्रम पहिल्यांदाच थोरलीच्या शेतावर झाला. बाजानं बहिणीच्या शेतासाठी धून बसवली आणि आदल्या संध्याकाळी गोठ्यात तिला एकटीला पुरी ऐकवली. शेवटची ओळ ऐकून धार काढता काढता तिचे हात थांबले. ती तिचीच हाळी होती.

"माझी हाळी चोरलीस की रे," ती म्हणाली.

"तुझी तुलाच परत देतोय, ताई. पण पुढच्या वर्षी. यंदा राखून ठेवायची."

ते पुढचं वर्ष काही त्याला दिसलं नाही. थंडीत त्याला न्यूमोनिया झाला आणि आठवडाभरात तो गेला.

निरोपाला सगळं मंडळ जमलं. माउथ ऑर्गन त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला होता, तो तसाच राहू दिला. बाईंनी रडत रडत त्याच्या धुना वाजवल्या, आणि शेवटी थोरलीच्या शेताची घेतली. शेवटच्या ओळीशी आल्या आणि त्यांचा गज थांबला. वेल्डरकाकांचा हात ढोलावर थांबला. वर्षानुवर्षांची सवय, दुसरं काय. आणि मागच्या रांगेतलं कुणीतरी, विचार न करता, हळूच म्हणालं, "राहिलेलं पुढच्या खेपेला." त्यावर बाकीचेही म्हणून गेले.

थोरलीच्या ते ध्यानात आलं. सगळ्यांत फक्त तिला ती ओळ ठाऊक होती. तिथल्या तिथं म्हणून टाकली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ती मूग गिळून उभी राहिली, कारण खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं होतं.

पुढच्याच हप्त्यात, संध्याकाळची धार काढताना, माळ्यावर माउथ ऑर्गन वाजला.

अगदी हळू, तोंडातल्या तोंडात बोलावं तसा. तिच्या शेताची धून. शेवटच्या ओळीपर्यंत आली आणि थांबली. थोडा वेळ शांत, मग पुन्हा पहिल्यापासून. ती शिडी चढून वर गेली. गवत होतं, त्यात त्याच्या बैठकीचा खळगा होता, आणि दुसरं कुणी नव्हतं. खाली उतरली तर पुन्हा सुरू.

घाबरून पळणाऱ्यातली ती नव्हती. उलट दुसऱ्या संध्याकाळी तिनं चहाचे दोन कप आणले आणि एक शिडीच्या वरच्या पायरीवर ठेवला. बोलायलाही लागली. कुंपण कुठं मोडलंय, बोकड कसा माजलाय, तू असतास तर किती कामं झाली असती, तेच जुनं टोचून बोलणं. कप सकाळी भरलेलाच असायचा, वर साय धरलेला. तरी ती ठेवायची. घरात दुसरं माणूस नसलं की माणूस कशाकशावर समाधान मानतो, हे ज्याचं त्यालाच कळतं.

शेळ्यांना मात्र हे मानवलं नाही. धून सुरू झाली की सगळ्या एकदम माळ्याकडे तोंड करायच्या. ते आडव्या बाहुल्यांचे पिवळे डोळे वर लागलेले आणि जबडे थांबलेले. धून अर्ध्यावर तुटली की पुढची ओळ यायची वाट बघत तशाच उभ्या. ती ओळ त्यांच्या ओळखीची होती ना, जन्मापासून त्याच हाळीवर घरी आलेल्या. ती येईना, म्हणून त्या हलेनात, आणि त्यांनी पान्हा चोरायला सुरुवात केली. थोरली कास चोळून, गरम पाण्यानं शेकून दमली. चरवीचा तळसुद्धा झाकेना. चीजच्या खोलीतल्या फळ्या एकेक करत रिकाम्या झाल्या. जनावरांचे डॉक्टर आले, तपासून म्हणाले, "आजार काही नाही. कशाची तरी धास्ती घेतलीय." ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं थोरली "असेल बाई काहीतरी" म्हणाली आणि त्यांना फाटकापर्यंत सोडून आली.

मग शेळ्यांनी चारा सोडला. आणि एका सकाळी नव्यानं जन्मलेलं एक करडू आईच्या कोरड्या कासेला तोंड लावूनच मेलेलं सापडलं. त्याची आई त्याच्याकडे बघतही नव्हती. ती वर बघत होती.

थोरलीनं ते करडू पोत्यात गुंडाळलं आणि गोठ्याच्या दारात बसून राहिली. हे आपण मारलं, हे तिला स्वच्छ कळत होतं. एक ओळ म्हणायची होती फक्त. पण ती म्हटली की माळा गप्प होणार. भाऊ एकदा गेलेला सोसला होता तिनं. आता आपल्याच तोंडानं त्याला घालवायचं?

त्या संध्याकाळी वेल्डरकाका फाटकाची बिजागरी जोडायला आले. वर धून सुरू झाली तेव्हा ते गोठ्याच्या दारात होते. हातातली पिशवी त्यांनी हळूच खाली ठेवली.

"हे कधीपासून?"

"तुम्ही सगळे त्याला निरोप देऊन गेलात, तेव्हापासून."

काकांना सगळं आठवलं. त्यांचा चेहराच उतरला. "आपणच सांगितलं त्याला. पुढच्या खेपेला ये म्हणून." त्यांनी शेळ्यांच्या त्या एका दिशेला वळलेल्या माना बघितल्या. मग म्हणाले, "पोरी, या शेळ्या चार दिवस काढायच्या नाहीत. येत्या रविवारी कार्यक्रम इथं घेऊ. राहिलेली ओळ पुरी करून टाकू. तुला ठाऊक आहे का ती?"

"मला कुठून ठाऊक असणार?" थोरली म्हणाली आणि रिकामी चरवी विसळायला घेतली.

काकांनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि बिजागरी जोडायला गेले. ओळ बाईंनी अंदाजानं बसवायची असं ठरलं.

रविवारी माणसं आली. विकायला चीज नव्हतं, म्हणून मंडळातल्या बाकी शेतांनी आपापला माल आणून टेबल भरलं होतं. ते बघून थोरलीला भडभडून आलं. लोकांनी कुंपण ओढलं, गवत रचलं. उन्हं उतरल्यावर ट्रॉली गोठ्यासमोर लावली. शेळ्या आत उभ्या होत्या, बरगड्या दिसायला लागलेल्या. वर्षातलं शेवटचं करडू, तेवढं एकच उरलेलं, आईच्या पायांत पडून होतं. त्याला उठताही येत नव्हतं.

बाईंनी धून घेतली. शेवटच्या ओळीशी आल्या आणि या वेळी थांबल्या नाहीत. त्यांनी बसवलेली ओळ गोड होती. ती संपली. लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले.

तेवढ्यात गोठ्याच्या माळ्यावरून माउथ ऑर्गन सुरू झाला. पहिल्यापासून, आणि या खेपेला चांगला मोठ्यानं.

लोक खूश झाले. "वर कुणाला बसवलंय? काय वाजवतोय," शहरातली एक बाई म्हणाली आणि ठेका धरायला लागली. तिच्याबरोबर आणखी माणसं टाळ्या देऊ लागली. ट्रॉलीवर मंडळाची माणसं मात्र जागच्या जागी गोठली होती. बाईंचा गज हातातून सुटला. धून अर्ध्यावर तुटली, लोक थांबले, ती पुन्हा सुरू झाली आणि लोकांनी पुन्हा ठेका धरला. आता तिला घाई होती. मधला विसावाही नव्हता. गोठ्यात शेळ्या एकमेकींना रेटत शिडीशी गोळा झाल्या आणि त्या रेट्यात करडू त्यांच्या खुरांखाली जायला लागलं.

थोरली आत धावली. करडू उचलून छातीशी धरलं. त्याचं काळीज तिच्या तळहाताला लागत होतं, बारीक आणि चुकत चुकत. वर धून शेवटच्या ओळीशी येऊन थांबली. सगळे पिवळे डोळे या वेळी माळ्याकडे नव्हते. ते थोरलीकडे वळले होते.

तिला एकाएकी उमगलं, की वर बसलेला तोही तिचीच वाट बघतोय. लहानपणी बसायचा तसा. हाळी आल्याशिवाय त्याला उतरताच येत नाही, आणि आपण रोज खाली चहा घेऊन बसलो, त्याला तिथं अडकवून.

"चुकलं रे माझं," ती म्हणाली. आणि शिडीच्या तळाशी उभी राहून तिनं हाळी घातली. "या गं या, अंधार पडला, घरी या."

शिडीची वरची पायरी करकरली. मग तिच्या खालची. मग तिच्या खालची. वरच्या पायरीवरचा कप कलंडला आणि थंड चहा शिडीवरून ओघळत खाली आला. थोरलीनं डोळे मिटले नाहीत. शेवटची पायरी तिच्या अगदी खांद्याशी वाजली, आणि गवताचा, गार धातूचा वास आला. शेळ्यांनी मध्ये वाट करून दिली. मग सगळ्यांच्या माना एकत्रच, हळूहळू, शिडीपासून दाराकडे वळत गेल्या, दारातून अंगणात, अंगणातून फाटकाकडे, आणि फाटकाबाहेर टेकडीच्या वाटेवर बराच वेळ लागून राहिल्या. त्या वाटेवर कुणी दिसत नव्हतं. वाटेत उभी असलेली माणसं मात्र का कोण जाणे बाजूला सरली, आणि ठेका धरणारी ती शहरातली बाई दंड चोळत म्हणाली, "एकदम गारठा पडला नाही?"

गोठ्यात टपटप आवाज यायला लागला. शेळ्यांना पान्हा फुटला होता. दूध आपसूक गवतावर गळत होतं. थोरलीनं करडू आईच्या कासेला लावलं. त्यानं आधी तोंड फिरवलं, मग धरलं.

बाहेर वेल्डरकाकांनी कार्यक्रम आवरता घेतला. सवयीनं कुणीतरी "राहिलेलं" एवढं म्हणालं. काकांनी ढोलावर अशी थाप मारली की पुढचे शब्द घशातच राहिले.

आता थोरलीच्या फळ्या भरल्यात. करडू इतकं माजलंय की चरव्या लाथाडतं. मंडळानं ठरवलंय, या शेतावर दर वर्षी यायचं आणि इथली एवढी एकच धून पुरी वाजवायची.

पण सवय वाईट असते. धार काढताना हात चालायला लागले की तोंड आपोआप गुणगुणतं, आणि गुणगुणत गुणगुणत ती त्या ओळीच्या अलीकडे येऊन थांबते. गोठा चिडीचूप होतो. शेळ्या चघळायचं थांबवून टेकडीच्या वाटेकडे बघतात. एवढी एक ओळ गिळली तर उद्या पुन्हा चहाचे दोन कप भरावे लागतील, हे तिला माहीत असतं. कधीकधी ती एक श्वास जास्त थांबते. एकदा तर फाटकाची कडी हललेली तिनं ऐकली होती.

मग ती मांडीवरच्या करडाला घट्ट धरते, ओळ पुरी म्हणते आणि पुढच्या शेळीकडे सरकते.