जैतूची जागा

हिरामणने पहारीचा घाव घातला तसा खांबाच्या चुन्याचा पोपडा उडून आरोहीच्या पायाशी पडला. जुन्या, जपायच्या इमारतींची नोंद ठेवणाऱ्या कचेरीतून ती कर्जतला आली होती. तिला फोन करून बोलावणारी हिरामणचीच बायको, विमलबाई. नवऱ्याच्या हातातली पहारही तिनेच हिसकावून घेतली.

घर तुमचं असलं तरी पाडता येणार नाही, हे आरोहीने पुन्हा समजावलं. हे घर आधी ज्या शेठचं होतं, त्याच्या आजोबांनी मुंबईतल्या साहेबी इमारती पाहून पेठेत हे गोल खांब आणि वरचं त्रिकोणी कपाळ उभं केलं. तालुक्यात दुसरं असं घर नाही. आता दाराशी इतिहासाची पाटी लागणार होती आणि त्यासाठी तिला माहिती हवी होती.

सत्तरी ओलांडलेल्या हिरामणच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कळंबची जमीन रिसॉर्टवाल्याला देऊन त्याने हे घर घेतलं ते पाडण्यासाठीच; शेठच्या खांबांना चुना फासत बसायला नव्हे. विमलबाईला मात्र गार खोल्यांचा आणि पेठेतल्या मानाचा लळा लागला होता. दोघांतून विस्तव जात नव्हता.

“इतिहास मी सांगतो, लिवा,” तो म्हणाला. “माझा बाप जैतू, शेठचं कूळ. खंडाचं भात घालाया यायचा. भात वर मापायचे, बाप खाली उन्हात. शेठ जा म्हनंपर्यंत हलायचं नाय. ह्ये येनार हाय का पाटीवर?”

आरोहीने वही उघडली. मग तिने विचारलं, “काका, नेमके कुठे उभे राहायचे ते?”

दाखवायला हिरामण पायऱ्या उतरून रस्त्यावर गेला. कुळाने शेठच्या दारासमोर अनवाणीच उभं राहायचं, ही तेव्हाची रीत. बापाबरोबर येता येता ती त्याच्याही अंगात मुरली होती. त्याने चपला काढल्या, हात बांधले, मान खाली घातली. डांबर तापलं होतं. दाखवून झालं, तरी तो हलेना.

समोरचे दुकानदार बघू लागले. सासऱ्याच्या या गोष्टीला विमलबाई आजवर जुनं रडगाणं म्हणत आली होती. तिचा चेहरा पडला. पदर खोचून ती खाली उतरली, नवऱ्याच्या चपला उचलल्या आणि शेठ जिथे बसायचा त्या ओटीवर मधोमध नेऊन ठेवल्या.

“वर या,” ती म्हणाली. “घर तुमचं हाय.”

तो वर आला. चपला पायात घातल्या आणि ओटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फटफट वाजवत चालला. परत आला, पुन्हा गेला.

मग खांबांचं काय करायचं, असं आरोहीने हळूच विचारलं.

हिरामणने चारही खांबांकडे एकवार पाहिलं.

“ऱ्हाऊ द्या उभे,” तो म्हणाला. “आता त्यांची पाळी.”