दुखणं थांबलं तेव्हा

आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागातून घरी सोडताना तरुण डॉक्टरांनी मास्तरांना बजावलं होतं, "दुखणं वाढलं, की लगेच परत यायचं."

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मालक आणि शिक्षक, दोन्ही तेच. पोटात उजवीकडे दुखत होतं. पण तपासताना त्यांनी कळ सोसली आणि वर डॉक्टरांनाच विचारलं, "गाडी येते का तुम्हाला? नसेल तर या आमच्याकडे." हसणाऱ्या माणसाला दाखल कोण करून घेणार? गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं.

रात्र तळमळण्यात गेली. सकाळी चहाचा कप हातात असताना दुखणं एकाएकी थांबलं.

"अगं, गेलं बघ!" मास्तर बायकोला म्हणाले.

"मग आज निवांत पडा."

"ते कशाला? अन् तू म्हणशील, डॉक्टरांकडेही चला. बरा झालो म्हणून दाखवायला जाऊ?" किल्ली घेऊन ते निघाले.

पहिला धडा शिंपीणबाईंचा. त्यांना मास्तरांची बोलणी पाठ होती : "बाई, तो क्लच आहे, शिलाई मशीन नव्हे. दणादण पाय मारू नका!" आज चौकातच त्यांच्या हातून गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा गोंगाट उसळला. बाई मान खाली घालून बोलणी खायला तयार झाल्या, पण मास्तर गप्पच. वळणावर पुढचं चाक फुटपाथवर चढलं. मास्तरांच्या पायाशी शिकवणाऱ्यासाठी वेगळा ब्रेक होता. त्यावर पाय पडला नाही.

बाईंनी गाडी कशीबशी ऑफिससमोर आणून उभी केली. ऑफिस सांभाळणारी मास्तरांची बायको दाराची काच पुसत होती.

"वहिनी, मास्तर आज ओरडले नाहीत."

"नशीब उघडलं म्हणायचं तुमचं!"

"चेष्टा नाही. बाहेर या."

तिने गाडीत वाकून पाहिलं. चेहरा राखेसारखा, गळ्यावर घाम, श्वास उथळ आणि भरभर.

"अहो, परत दुखतंय का?"

"नाही. थंडी वाजतेय."

उन्हाने सीटला हात लावता येत नव्हता. तिने त्यांचा हात धरला, तो गार होता. तरी तिचं पाऊल अडलं. "डॉक्टर म्हणाले होते, वाढलं तर या. आता तर दुखतच नाही. तिथं जाऊन सांगू काय?"

"ते तिथं बघू. तुम्ही मागे बसा," शिंपीणबाई म्हणाल्या.

"तुमच्याकडे लायसन कुठंय अजून?"

"शिकवणारे शेजारी बसलेत ना."

वाटेत गाडी पुन्हा बंद पडली. मास्तरांनी डोळेही उघडले नाहीत.

तातडीच्या विभागाच्या दाराशी नर्सने विचारलं, "दुखतंय कुठे?"

"दुखत नाही," बायको ओशाळून म्हणाली. "काल दुखत होतं. सकाळी थांबलं."

आतून कालचेच डॉक्टर पुढे आले. "हळूहळू थांबलं, की एकदम?"

"एकदम."

त्यांनी मास्तरांच्या पोटावर हात ठेवला. पोट फळीसारखं कडक होतं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "स्ट्रेचर आणा!" ते ओरडले आणि मग तिच्याकडे वळून म्हणाले, "अपेंडिक्स फुटलेलं दिसतंय. फुटलं की ताण जातो, थोडा वेळ बरं वाटतं. पण पू पोटभर पसरतो. काल मी फक्त वाढण्याचं..." वाक्य तसंच सोडून ते स्ट्रेचरमागे धावले.

ऑपरेशन झालं. मास्तरांना थेट अतिदक्षता विभागात नेलं. बंद दाराला एक गोल काच होती. तिच्यातून नळ्या दिसत होत्या आणि मास्तरांचे पाय. त्यांच्या वतीने यंत्र श्वास घेत होतं. दोघी बाकावर बसून राहिल्या.

दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले. "रक्तदाब टिकत नाहीये. औषधं वाढवतोय. घरचं आणखी कोण आहे?"

"मुलगा. लांब, दुसऱ्या शहरात."

"बोलावून घ्या."

"उद्या आला तर चालेल?"

डॉक्टरांनी मान हलवली. "आजच."

तिने फोन लावला. मुलाने लगेच उचलला. आवाज खुशीत होता.

"आई, बाबांचा सकाळीच फोन आला होता. पोटदुखी थांबली म्हणाले. बरं झालं, काल मला झोपच लागली नाही. देतेस का त्यांना?"

तिने काचेतून आत पाहिलं. नर्स घाईघाईने पडदा ओढत होती.

"तू नीघ," ती म्हणाली. "हातातलं टाक अन् नीघ."