मांडा हातावर असताना

"माय, उठू नको म्हनलं ना मी तुले!" नितेश दारातूनच ओरडला.

आशाबाई उठत कुठे होती, नुसती कूस बदलत होती. छातीला वायरी चिकटवलेल्या, कमरेच्या पट्ट्यात ठोके टिपणारी डबी. सकाळीच अकोल्यातल्या एका लॅबमधून लावून आणलेली. चोवीस तासांनी काढायची, आणि रिपोर्ट घेऊन अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं.

दोन महिन्यांपूर्वी तिथेच मांडीच्या शिरेतून तार घालून तिच्या हृदयाची धावपळ बंद केली होती. धावपळ गेली, पण नवीच खोड लागली. दोन ठोके घाईत पडायचे, मग छाती एकदम गप्प. आशाबाई श्वास धरून वाट बघायची, तेव्हा कुठे तिसरा धाडकन यायचा. मागल्या महिन्यात अशीच चुलीपाशी भोवळ येऊन बसली. भाजलं-बिजलं नाही, पण नितेशनं तिचं पुरणाचे मांडे भाजायचं खापर उचलून माळ्यावर टाकलं.

"लॅबवाला म्हनला, रोज करता तेच करा," आशाबाई म्हणाली. "मी रोज मांडे करतो."

"करत होती! आता नाई. गपचूप निजून राह्य. रिपोर्ट चांगला आला पाह्यजे."

आता काय म्हणावं ह्या पोराला! आई हलली नाही की परीक्षेत पास, असा हिशोब. नवरा गेल्यावर तीस वर्षं तिनं लोकांच्या चुली फुंकल्या. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत पसरायचा, पातळ करायचा, पण फाटू द्यायचा नाही, आणि अलगद पालथ्या खापरावर टाकायचा. जुन्या शहरात एवढा मोठा मांडा दुसऱ्या कोणाच्या हातावर राहत नव्हता. त्यात हा धोंड्याचा महिना, तीन वर्षांनी एकदा येणारा. घरोघरी जावई जेवायला. यंदा आशाबाई पलंगावर राहिली, तर लोक दुसरी बाई शोधणार. मग तिला कोण बोलावतंय!

दोन वाजता नितेश कामावर गेला. आशाबाई उठून बसली.

"प्राजक्ता, खापर काढ."

सुनेच्या हातात लॅबचा कागद होता. कोणत्या वेळी पेशंट काय करत होता, ते त्यावर लिहायचं. "आई, हे चिडतीन ना माह्यावर!"

"चिडू दे. त्याले मी पाह्यतो. देवरावभाऊकडे आज जावई येऊन रायला, मी शब्द देल्ला हाय. अन् निजलेल्या बाईचे ठोके मोजून डॉक्टरले काय समजन? मी जगतो कशी, ते दिसू दे ना त्यायले!"

प्राजक्तानं क्षणभर सासूकडे पाहिलं आणि स्टूल ओढलं. "मी बाजूले बसतो. गरगरलं की पह्यले खाली टेकायचं. कबूल?"

"कबूल, माय."

अमरावतीत डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उलगडला. नितेश खुर्चीच्या टोकावर बसला होता.

"ठोक्यांतले मोठे खंड सगळे दुपारी बारा ते दोनमधले. सर्वांत मोठा अडीच सेकंदांचा. तेव्हा काय करत होतात?"

नितेशनं कागदावरून वाचलं, "निजून होती."

"आणि चार ते सात? इथे ठोके वाढलेत, एखाद-दुसरा चुकलाय, पण खंड एकही नाही."

नितेशनं प्राजक्तानं लिहिलेली पुढची ओळ वाचली. "मांडे."

"त्यानंच निजवलं होतं मले," आशाबाईनं लगेच सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई हसल्या. "ठोके मंद करणारी एक गोळी कमी करते. ठोके अजून काही दिवस चुकतील. भोवळ आली तर मात्र ताबडतोब यायचं. मांडे करा, पण चुलीपाशी एकटं बसायचं नाही."

"पन मॅडम, थांबलंच तर?" नितेशच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ठोके चालू ठेवणारं मशीन बसवायची वेळ आली तर बसवू. आज तरी नाही."

परतीची बस मूर्तिजापूरला थांबली. नितेश खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "किती केले?"

"एकवीस."

"फाटले?"

"एक बी नाई."

शनिवारी पुढची ऑर्डर आली. नितेशनं अर्धी सुट्टी टाकली, खापर स्वतः उचलून नेलं आणि चुलीशेजारी पाटावर बसला. धुरानं डोळे लाल, घामानं सदरा भिजलेला, तरी आईवरची नजर हटेना.

"मले काऊन पाह्यतं? जाळ पाह्य, इझून रायला!"

तो लाकूड सारायला वाकला, आणि नेमकं तेव्हाच तिच्या छातीत ते गप्प झालं. मांडा दोन्ही हातांवर पसरलेला, कोपराखाली लोंबत. भीती वाटली, खोटं कशाला बोला. पण डोकं ठिकाणावर होतं, पाय जमिनीवर होते. आशाबाई जागची हलली नाही. हात तसेच धरून तिनं वाट पाहिली.

धाडकन ठोका आला.

"काय झालं माय?" नितेशनं मान वर केली.

"काई नाई. सरक तिकडं," ती म्हणाली, आणि मांडा अलगद खापरावर टाकला.