सगळी कलमे धाकटीच्या हातची

माझ्या नावावर एकच पुस्तक आहे. पुस्तक म्हणणंही जरा जास्त होईल; अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका, गावाबाहेरच्या द्राक्षमळ्याच्या इतिहासाची. तीस वर्षांपूर्वी मी ग्रंथालयात नोकरीला असताना मळ्याच्या तेव्हाच्या मालकांनी ती माझ्याकडून लिहून घेतली. गावात लिहू शकणारे आणखी दोघं होते. एक आजारी पडला आणि दुसऱ्याला वेळ नव्हता, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

या अठ्ठेचाळीस पानांतलं एकच पान लोकांना आवडतं. सतरावं.

ज्याने हा मळा लावला तो मुळात कोर्टातला कारकून. इथल्या मातीत वाइनची द्राक्षं येणार नाहीत असं सगळे सांगत असताना त्याने नोकरी सोडली आणि वेली लावल्या. चौथ्या वर्षी मुळांना कीड लागली आणि सगळी बाग वाळली. तेव्हा त्याने डोंगरातल्या रानवेलींची रोपं आणली, कारण त्यांच्या मुळांना ती कीड लागत नाही, आणि त्या खुंटांवर चांगल्या द्राक्षांच्या काड्यांची कलमं केली. आज या मळ्याची बाटली दूरदूरच्या दुकानांत दिसते ती त्या कलमांमुळे. हे सगळं पहिल्या सोळा पानांत आहे आणि ते कोणी वाचत नाही.

सतराव्या पानावर त्याची धाकटी बहीण येते. त्याच्या वहीत एक वाक्य आहे: 'या सालची सगळी कलमे धाकटीच्या हातची. माझ्या हातचे एकही धड नाही.' वहीतली प्रत्येक नोंद तो कोर्टातल्या सवयीने 'कलम पहिले', 'कलम दुसरे' अशी मांडायचा. म्हणून मी लिहिलं की वही त्याची असली तरी नोंदी बहिणीने केल्या. तो सांगायचा, ती लिहून घ्यायची. स्वतःच्या अक्षराची त्याला लाज वाटे. सगळ्या वहीत अक्षर एकच आहे, हा मला पुरावा वाटला. मग मी अर्धं पान तिच्यावर लिहिलं: तिचं वळणदार अक्षर, बोटांना लागलेली शाई, खिडकीतून दिसणारे वेलींचे मांडव. हे पान वाचून एका अनोळखी बाईंनी मला पत्र पाठवलं होतं. ते अजून माझ्या कपाटात आहे.

या वर्षी मळ्याला शंभर वर्षं होतात. सध्याच्या मालकीणबाई म्हणजे त्या कारकुनाची पणती. त्यांनी दुसरी आवृत्ती काढायचं ठरवलं आणि मला मुद्रितं तपासायला बोलावलं. वाइन चाखायच्या खोलीत गेलो, तर समोरच्या भिंतीवर माझं सतरावं पान रंगवलेलं. टेबलाशी बसलेली तरुण बहीण, हातात टाक, पुढ्यात वही, आणि मागे हात बांधून उभा भाऊ.

"कसं वाटलं, काका?" मालकीणबाईंनी विचारलं.

मी काहीतरी पुटपुटलो. खरं तर मला फार बरं वाटलं होतं.

तेवढ्यात मावशी आत आल्या. मावशी म्हणजे मळ्यातल्या सर्वांत जुन्या छाटणीवाल्या, त्या धाकट्या बहिणीची नात. वय माझ्याहून दोन-तीन वर्षांनी जास्तच. त्यांच्या कात्रीची स्प्रिंग तुटली होती, नवी मागायला आल्या होत्या. एरवी त्यांचा वावर मागच्या बाजूला, या खोलीत त्या येत नसत.

"ही कोण बाई?" त्यांनी भिंतीकडे बघून विचारलं.

"तुमची आजी ना, मावशी!"

"माझी आजी? आणि करतेय काय?"

"लिहितेय. पणजोबा सांगतायत आणि ती लिहून घेतेय."

मावशींनी पिंपाला हात टेकला आणि त्या हसायला लागल्या. हसणं आवरेना. "अगं, ती अंगठाबहाद्दर होती! ग म भ न येत नव्हतं तिला. दुकानाची पाटी माझ्याकडून वाचून घ्यायची."

"पण काकांनी पुस्तकात लिहिलंय तसं."

"मग काका तिला भेटले असतील," मावशी म्हणाल्या, आणि नवी कात्री घेऊन निघून गेल्या.

मालकीणबाईंनी ते हसण्यावारी नेलं. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींचं काय घेऊन बसायचं, असं म्हणाल्या. समोर मी बसलोय हे लक्षात आल्यावर मला चहा हवा का असंही विचारलं.

घरी येऊन मी वहीच्या झेरॉक्स प्रती काढल्या. बायको दाणे निवडत होती.

"काय शोधताय?"

"चूक."

"कुणाची?"

"माझीच."

"मग सापडेल," ती म्हणाली.

सापडली. त्या वाक्याच्या पुढे एक ओळ आहे. तीस वर्षांपूर्वी ती मला लागली नव्हती, म्हणून मी तिथे तीन टिंबं टाकून पुढे गेलो होतो. आता भिंग लावून पाहिली. 'पैकी तीनशे दहा फुटली.'

नोंदींना पालवी फुटत नाही. द्राक्षमळ्याच्या वहीत कलम म्हणजे काय, हे मळ्यातल्या कुणीही सांगितलं असतं. मी पुस्तकांतला माणूस. कलम म्हटलं की मला कागदच दिसला. माझ्या हातचे एकही धड नाही, असं एक माणूस कबूल करत होता, आणि मी ते त्याच्या अक्षरावर नेलं. आणि सगळ्या वहीत अक्षर एकच होतं, कारण वही त्याने एकट्याने लिहिली होती.

म्हणजे मळा ज्या कलमांवर उभा राहिला ती बहिणीने केली होती, आणि मी तिच्या हातातला चाकू काढून टाक दिला होता.

दोन दिवस मी गप्प बसलो. कोणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. मावशी भांडायला येणार नव्हत्या. 'नोंदी बहिणीने केल्या' या माझ्या वाक्याआधी 'बहुधा' घालून मोकळं व्हावं, असंही एकदा मनात आलं. सतरावं पान गेलं तर माझ्याजवळ उरत काय होतं? वाळलेल्या वेलींची सोळा पानं, आणि अठरापासून पुढे पावसाची कोष्टकं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या पट्टीत गेलो. तिथल्या वेली सर्वांत जुन्या, खोडं मनगटापेक्षा जाड. मावशी एका ओळीत बसून काड्या छाटत होत्या.

"या, पुस्तकवाले," त्या म्हणाल्या. "आज इकडे कुठे वाट चुकलात?"

"आजीबद्दल विचारायचं होतं."

त्यांनी हातातली काडी कापली, बाजूला ठेवली. "बसा. चिखल नाहीये. इथे हात लावा."

खोडाच्या तळाशी, जमिनीपासून वीतभर वर, एक गाठ होती. गाठीच्या खालची साल काळपट आणि खडबडीत, वरची वेगळी.

"खालचं रान, वरची द्राक्षं. हा सांधा तिच्या हातचा. काडीला पाचरीसारखी धार करायची, खुंट चिरायचा, आणि पाचर अशी बसवायची की मधून उजेड दिसता कामा नये. मला तिने असं शिकवलं, की बसवलेलं कलम डोळ्यापुढे धरायचं. उजेड दिसला की टाकून द्यायचं."

"आणि भाऊ?"

"त्याचा हात जड हो. तो कलम करायचा म्हणजे सरपण फोडायचा. पण बोलायला हुशार. रानवेलींची युक्ती त्यानेच कुठेतरी वाचली होती, ते त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. लांबून माणसं बघायला यायची. तो त्यांना सांगायचा, 'मी ही कलमं केली.' तेव्हा ती चहा घेऊन बाहेर यायची आणि कप आपटून ठेवायची. आई सांगायची, एक अख्खा संच गेला त्यात."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"म्हणजे तिला लागायचं ते?" मी विचारलं.

"लागायचं की. शेवटपर्यंत." त्यांनी पुन्हा कात्री उचलली. "तुम्ही पुस्तकासाठी येत होतात ना तेव्हा, मी याच ओळीत असायचे. वाटायचं, हा तरी विचारील. तुम्ही वही काखेत मारून आलात, वही काखेत मारून गेलात."

मी तसाच उठलो आणि चाखण्याच्या खोलीकडे निघालो. वाटेत 'मी चुकलो होतो' हे वाक्य तीन वेळा म्हणून पाहिलं. आत गेल्या गेल्या ते म्हणून टाकलं, तर मालकीणबाई फोनवर होत्या. त्यांनी थांबा अशी खूण केली. मग ते मला पुन्हा म्हणावं लागलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वहीतली ओळ मी दाखवली, तीही वाचली.

"काका, बाटलीच्या मागच्या लेबलवर छापलंय हो. 'जिच्या लेखणीने हा मळा जपला.' लेबलं छापून आलीत."

"हो."

"आणि पणजोबांनी कलमं केली, हेच तर आमचं सगळं आहे. लहानपणापासून तेच ऐकतेय मी. फुटली या एका शब्दावर ते बदलायचं? पुरावा काय?"

पुरावा त्यांच्याच कपाटात होता. भावा-बहिणीचं वाटणीपत्र, मागची पट्टी बहिणीला दिल्याचं. तीस वर्षांपूर्वी मी त्यातल्या चतुःसीमा उतरवून घेतल्या होत्या आणि खाली सह्यांकडे पाहिलंही नव्हतं. आता आम्ही दोघांनी पाहिलं. भावाची लफ्फेदार सही. तिच्या शेजारी शाईचा एक पुसट ठसा, आणि कोणा लेखनिकाच्या अक्षरात: निशाणी डावा अंगठा.

मालकीणबाईंनी त्या ठशाशेजारी बोट ठेवलं.

"मावशींना माहीत होतं?"

"त्यांना कोणी विचारलं नाही."

"मीही नाही," त्या म्हणाल्या. मग भिंतीकडे वळून त्यांनी डोक्याला हात लावला. "आता हिचं काय करू?"

चित्रकाराला बोलावलं. तो दुपारी आला, मान तिरकी करून बघत राहिला. "सोपं आहे. टाक पुसतो आणि चाकू करतो. दहा मिनिटांचं काम."

"वहीवर?" मालकीणबाई म्हणाल्या. "मागे भाऊ उभा, आणि ही वहीत चाकू खुपसतेय?"

"खून होईल खरा," चित्रकार म्हणाला. शेवटी टेबल-वही सगळं खरवडून बाई मातीत बसवायची, असं ठरलं. भावाला कुठे ठेवायचं ते ठरेना. मालकीणबाई म्हणाल्या, "त्याला बोलत राहू दे. जरा मागे."

माझं काम उरलं होतं. आधीच्या पानांतलं 'त्याने कलमं केली' दुरुस्त केलं, आणि सतरावं पान नव्याने लिहून मी ते मावशींना वाचून दाखवायला नेलं. त्या ओळीच्या टोकाला डबा उघडून बसल्या होत्या.

"'कंदिलाच्या मंद उजेडात,'" मी वाचायला सुरुवात केली, "'तिची नाजूक बोटं—'"

"कंदिलात कोण कलम करतं? सकाळी करतात. ऊन चढायच्या आत."

मी खोडलं.

"आणि नाजूक काढा. तिची बोटं बघितली असतीत तर घाबरला असतात."

तेही खोडलं. पुढे मी लिहिलं होतं की ती वेलींशी बोलायची.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला वाटलं."

"बोलायची नाही. शिव्या द्यायची. तेही मुंग्यांना."

असं करत करत आम्ही खाली आलो. त्या चिडल्या नव्हत्या. फांदीवरचा नको तो फुटवा काढावा तसं एकेक वाक्य काढत होत्या. शेवटी सहा वाक्यं उरली. तिने कीड लागल्यानंतरच्या वर्षी रानवेलींच्या खुंटांवर कलमं केली. त्यांतली तीनशे दहा जगली. भावाने वहीत ते मान्य केलं आहे. लोकांपुढे मात्र कधी केलं नाही. मागच्या पट्टीतल्या वेली तिच्या हातच्या आहेत. या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत तिच्याविषयी जे लिहिलं होतं ते चुकीचं होतं, आणि ती चूक लेखकाची होती.

मावशींनी कागद मागून घेतला. चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, त्यांनी सगळं स्वतः वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं.

"हे खरं आहे," त्या म्हणाल्या. कागद परत देताना त्यांना थोडं वाईट वाटलेलं दिसलं. "पण फारच थोडं राहिलं हो तुमचं."

"चालेल," मी म्हणालो.

आठवड्याने छापखान्यातून फोन आला. "सतराव्या पानावर अर्धी जागा कोरी दिसतेय. मजकूर द्यायचा राहिलाय का? नाहीतर वेलबुट्टी टाकू एखादी?"

"काही राहिलेलं नाही," मी म्हणालो. "कोरंच जाऊ द्या."