सायलसच्या कमरेची चटई

मानारो डोंगर चार महिने राख ओकत होता. प्रशांत महासागरातल्या आंबाए बेटावरच्या केळी राखेच्या ओझ्याने मोडल्या, टाक्यांतलं पाणी आंबट झालं, केवड्याची बनं जळाल्यासारखी वाळली. उपाशी वटवाघळं झाडांखाली मरून पडू लागली. दुपारीही सूर्य ताकासारखा दिसायचा. शेवटी हुकूम आला, बेट रिकामं करा.

बोटीवर कुणी चढायचं ते गावाचा कारभार पाहणारा सायलस ठरवत होता. लोईस, साठीची विधवा, आपल्या लाकुआ नावाच्या डुकराला दोरीने धरून त्याच्यासमोर उभी राहिली. आठ वर्षं तिने त्याला हाताने अळूचे कंद भरवले होते. वरचे दात लहानपणीच काढल्यामुळे त्याच्या खालच्या सुळ्यांचं वळून पुरतं कडं झालं होतं. असलं डुक्कर बळी दिल्याशिवाय बेटावर कुणाला मोठा मान मिळत नाही.

"डुक्कर नाही चालणार, आत्या. माणसांनाच जागा नाही."

"मांडीवर घेते रे त्याला."

"आधी तुला कोण मांडीवर घेतंय ते बघ!"

लोक हसले. लोईसने दोरी सोडली आणि मागे न बघता बोटीत चढली.

सांतो बेटावरच्या छावणीत तिची भाची नोएलिन बातमी घेऊन आली. "मावशी, घरं बघायला म्हणून सायलस परत गेला होता ना, तेव्हा त्याने लाकुआला धरलं. कुंपणात ठेवलाय. सगळे परतले की त्यालाच मारून मान घेणार आहे."

"खायला काय घालतो त्याला?"

"भात म्हणे."

"भात त्याला सोसत नाही," लोईस म्हणाली.

बेटावर परतल्यावर ती लाकुआला मागायला सायलसकडे गेली. तो म्हणाला, "रानात सापडलं ते धरणाऱ्याचं. जा घरी."

ती गेली. पण महिन्याभराने तोच तिच्या दारात आला. मान घेणाऱ्याला कमरेला केवड्याच्या पानांची लाल चटई लागते, बेटावरचा केवडा राखेने मेला होता, आणि सोलून वाळवलेली पानं छावणीतही जिवापाड जपली होती ती एकट्या लोईसने.

"झालं गेलं विसर, आत्या. विणशील ना?"

"विणते की."

तीन आठवडे ती विणत बसली. मग लाल रंगात नक्षी उठवली, मोठ्या मानाची नव्हे, पहिलं पिल्लू मारणाऱ्या पोरांच्या चटईवर असते ती. सायलस शहरात वाढलेला, बायकोही परक्या बेटावरची. दोघांना सगळ्या नक्ष्या सारख्याच. समारंभाच्या सकाळी लोईसने स्वतःच्या हाताने ती त्याच्या कमरेला बांधली.

मैदानात सायलस नाचत आला. म्हाताऱ्या तारी सरदाराने डोळे बारीक केले, शेजाऱ्याला कोपर मारलं. पण बळी पडेपर्यंत पुरुषांनी बोलायचं नसतं. बायकांना ते बंधन नव्हतं. चटई चुकीची आहे अशी एक हाक लोईसने दिली असती, तर समारंभ थांबला असता आणि लाकुआ वाचला असता. त्याने नाक वर करून बायकांच्या बाजूला वास घेतला. तिने दातांखाली ओठ धरला. रक्त आलं. सायलसचा सोटा पडला.

"शाबास पोरा!" तारी म्हणाला. "पहिलं डुक्कर मारलंस! आता मिशा कधी फुटणार?"

मैदान हसून लोटपोट झालं. सायलसने आधी कमरेकडे पाहिलं, मग लोईसकडे.

"थेरडे, तू मुद्दाम केलंस!"

"लायकी बघून विणली," लोईस म्हणाली. ओठावरचं रक्त तिने पुसलंही नाही.

जी चटई नेसून बळी दिला तिचाच मान मिळतो; तो वाढवायचा तर पुन्हा असलंच डुक्कर मारावं लागतं. सुळेवालं दुसरं डुक्कर बेटावर उरलं नव्हतं. पुढच्या सभांना पन्नाशीचा सायलस पोरांच्या रांगेत बसला.

समारंभाच्या संध्याकाळी लोईसकडे पानात बांधलेला मांसाचा वाटा आला. तिने तो उंबऱ्यावरूनच परत पाठवला.

नोएलिनने विचारलं, "आता तरी जीव थंड झाला का, मावशी?"

"सायलसचं तोंड आठवलं की होतो," लोईस म्हणाली. मग लाकुआचं वर केलेलं नाक आठवलं, आणि बराच वेळ तिला हुंदका आवरेना.