लाल रेघेपर्यंत

"बाबा, कुठवर आलं?"

पट्टीवाल्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला आणि पुलाच्या खांबावर ठोकलेल्या मोजपट्टीकडे पाहिलं. "रेघेच्या चार बोटं वर."

लेक घाटाच्या पायरीवर बसली होती. परवापासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. तिचा नवरा नावाडी. धरणातून सोडलेल्या पाण्याने त्याची नाव याच खांबावर आणून आपटली. नाव मिळाली, तो मिळाला नाही. पुलाखालच्या डोहात, खडकाच्या कपारीत तो अडकला असणार, असं पाणबुड्यांचं म्हणणं होतं. पण पाणी उतरल्याशिवाय तिथवर हात जाणार नव्हता. म्हणून धरणावरच्या साहेबांनी सकाळपासून दरवाजे बंद ठेवले होते. तो जिवंत असेल अशी आशा कोणालाच नव्हती. लेकीला फक्त एकदा त्याचं तोंड बघायचं होतं.

पट्टीवर एक लाल रेघ होती. पाणी तिला टेकलं की धरणावर कळवायचं आणि तिथून दरवाजे उघडायचे, असा नियम. सोडलेलं पाणी इथवर यायला तासभर घेई. तेवढ्यात खालच्या शहराची जॅकवेल, म्हणजे नदीतलं पाणी उपसायची विहीर, उघडी पडू नये, म्हणून रेघ जरा वरच मारलेली. पंपांनी हवा ओढली की ते बंद पडणार आणि शहराचे नळ कोरडे, त्यात दवाखान्याचेही.

पट्टीवाल्यांचा जन्म ही पट्टी वाचण्यात गेला. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते ऐकू येई. बायको होती तेव्हा थट्टेने म्हणायची, "आमचे हे अंघोळीच्या बादलीचीसुद्धा पातळी धरणावर कळवतील." लेक अंक शिकली तीही याच पट्टीवर. बापाच्या खांद्यावर बसून ती ओरडून वाचायची आणि चुकली की बाप तिला पुन्हा बघायला लावायचा.

डोहातून एका पाणबुड्याने डोकं वर काढलं. "काका, खडकाची टोकं लागतायत पायाला! अजून हातभर उतरू द्या, कपारीत शिरतो!"

हातभर. पट्टीवाल्यांनी खाली पाहिलं. पाणी रेघेला टेकलं होतं. लाट आली की रेघ बुडे, गेली की उघडी पडे. एवढ्यात खिशातला फोन वाजला. जॅकवेलवरचा पंपवाला होता, जुना दोस्त.

"कसं म्हणू तुला, माझीच जीभ रेटत नाही," तो म्हणाला. "पण एक पंप खोकायला लागलाय रे."

लेकीने ते ऐकलं. उठून तिने बापाचा हात धरला. "बाबा, नका कळवू. थोडाच वेळ. कोण बघायला येणार आहे इथे?"

कोणीच येणार नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी हात सोडवून घेतला आणि धरणावर फोन लावला.

"साहेब, पाणी रेघेला टेकलं."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "पट्टीवाले, नीट बघा. पाणी हलत असेल. माणसाची नजर चुकते कधीकधी. तुम्ही म्हणाल तेच मी धरीन."

माणूस चांगला होता. नको तितका चांगला होता.

"नजर ठीक आहे, साहेब. रेघेलाच आहे."

पाणबुडे तासभर जिवाच्या आकांताने बुड्या मारत राहिले. तेवढ्या वेळात पाणी जेमतेम वीतभर उतरलं, खडकाची टोकं तेवढी उघडी पडली. एकाच्या हाताला वल्हं लागलं, दुसऱ्याच्या बोटांना कापड लागल्यासारखं वाटलं, पण धरता आलं नाही. मग वरच्या वळणावर फेस दिसला आणि पट्टीवाल्यांनी स्वतःच ओरडून सगळ्यांना बाहेर बोलावलं. खडकाची टोकं, लाल रेघ, एकामागून एक सगळं पाण्याखाली गेलं. पाणबुड्यांनी माना खाली घालून दोर गुंडाळले. लेक वल्हं मांडीवर घेऊन बसून राहिली.

संध्याकाळचं वाचन घ्यायची वेळ झाली. पट्टीवाले जड पायांनी शेवटच्या कोरड्या पायरीवर गेले. पट्टी दिसत होती, पण आकडे काही केल्या एका जागी राहीनात. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. चष्म्याचा दोष नव्हता.

मागे पावलं वाजली. लेक शेजारी येऊन उभी राहिली. तिने बापाकडे पाहिलं नाही, पट्टीकडे पाहिलं.

"दोन मीटर दहा," ती म्हणाली.

ते तसेच उभे राहिले. तिने वाकून पुन्हा पाहिलं.

"दोन-दहाच आहे, बाबा. कळवा."

आणि ती वर जाऊन डोहाकडे तोंड करून बसली.